खंदकाला तळे म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला भटकंतीचा लेख वाचला. भाषा छान, फोटो त्याहून छान. दसऱ्यानंतरचा सडा, पिवळे पडत चाललेले गवत, कडेला तेरड्याची शेवटची फुले आणि समोर ते ‘निळेशार तळे’. शेवटी सल्ला काय, तर पाण्यात पाय सोडून बसा, थकवा पळतो!

अहो, तो लोहखनिजाच्या खाणीचा खंदक आहे. इथे गोव्यात, डिचोलीत कुठल्याही शाळकरी पोराला विचारले असते तरी त्याने सांगितले असते. खनिज पाण्याच्या पातळीखाली उतरून काढत, म्हणून पंप रात्रंदिवस चालायचे. पंप थांबले, वरून पाऊस, बाजूने झरी, खंदक भरला. लेखक ज्या ‘रम्य टेकडी’वर चढून फोटो काढतात तीही देवाने केलेली नाही, तो डंप आहे. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती निघते, ती कुठेतरी टाकावीच लागते. वर अकेशिया लावला की झाली टेकडी.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच खाणीच्या वजनकाट्यावर मी अकरा वर्षे ट्रकांच्या पावत्या फाडल्या. त्या पगारावर घर बांधले, हेही लिहून टाकतो, नाहीतर कोणीतरी उलट पत्र पाठवील.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात पुण्याचा पुतण्या आला होता. काका, तुमची खाण दाखवा म्हणाला. काट्याच्या खोलीचे पत्रे कोणीतरी नेलेत, आत रान. तिथून खंदकावर गेलो. बूट लाल चिखलाने माखलेले, म्हणून हा धुवायला उतरला. मी ओरडेपर्यंत एक पाऊल घोट्याइतक्या पाण्यात आणि दुसऱ्याला खाली काहीच नाही. खाणीत बेंच असतात, म्हणजे राक्षसी पायऱ्या. पाणी भरले की त्या दिसत नाहीत. एकीवर घोटाभर पाणी, पुढची दोन पुरुष खाली. पाठीवरच्या सॅकचा पट्टा माझ्या हाताला लागला म्हणून पोरगा वर आला. घरी त्याच्या आईला आम्ही सांगितले, बूट ओढ्यात गेला. एकच बूट कसा गेला, हे वहिनी अजून विचारते.

तुमच्या फोटोतली मुलगी हात पसरून उभी आहे ती त्याच काठावर. मागे मोडका विजेचा खांब दिसतो, त्यावरून ओळखले. कुंपण तेव्हा नव्हते, फोटोतही नाही. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या 88 लिजांवरचे, म्हणजे खाणपट्ट्यांवरचे काम थांबले तेव्हा तुमच्याच अंकात आठवडाभर पान-पानभर मजकूर होता, महसूल किती बुडाला, ट्रक किती उभे राहिले. खंदकांना कुंपण कोण घालणार, यावर मी तरी ओळ वाचली नाही. आता लिलाव होऊन काही खाणी पुन्हा सुरू होताहेत, म्हणजे पुन्हा महसूलच.

आणि त्या ‘तळ्या’च्या जागी आमच्या आत्याची बारमाही झर होती. मे महिन्यातही कळशी बुडायची. ती आटली तेव्हा फोटो काढायला कोणी आले नव्हते. असो.

जाता जाता : फोटोखाली ‘सत्तरीतील निसर्ग’ छापले आहे. तालुका तरी बघून छापत जा. शिवाय बसस्टँडवरच्या गळक्या छपराबद्दलचे माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापलेत, छप्पर राहिले, गळती गेली. हेही कापणार असाल तर काट्याचे कापा, आत्याचे कापा, पण बुटाचे राहू द्या. येत्या रविवारी तुमची पुरवणी घेऊन लोक तिथे येतील.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डिचोली