मानसिकता आहे, सह्या नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला ग्रामीण उद्योजकतेवरचा पानभर लेख वाचला. सकाळी चहाबरोबर वाचला आणि संध्याकाळी चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हटलं, सकाळी आपल्याच नजरेची चूक झाली असेल. नव्हती. लेखकमहाशयांनी खरोखरच तसं लिहिलंय. खेड्यात योजना पोचल्या आहेत, पैसा आहे, बाजारपेठ आहे, नाही ती फक्त 'उद्योजकीय मानसिकता'. हा शब्द लेखात नऊ वेळा आलाय. मी निवृत्त माणूस आहे, मोजायला वेळ असतो.

लेखक विद्वान आहेत, त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदरच आहे. त्यांनी फक्त एकदा माझ्या वहिनीला भेटावं.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. तिथे मे महिन्यात चाकरमानी आंबे खायला आणि झोपायला जातात, आणि नेमक्या त्याच महिन्यात घरच्या बायकांना पाठ टेकायला मिळत नाही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायचे, फोडायचे, बिया आणि गर बाजूला करायचा, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, सांजेला उचलायच्या, सकाळी पुन्हा रसात. अशी पुटं चढल्याशिवाय आमसुलाला, म्हणजे आमच्याकडच्या सोलांना, तो काळपट लाल रंग आणि मऊपणा येत नाही. आणि हे सगळं मृगाच्या आत. वळवाची एक सर भलत्या दुपारी आली की अंगणभरचा माल बुरशीला जातो. व्यापारी हे ओळखून असतो. तो ढग दाटले की येतो आणि ओले रातांबे स्वतः भाव ठरवून घेऊन जातो. बियासुद्धा वाया जात नाहीत, त्यांचं तेल निघतं. तुमच्या-माझ्या पायांच्या भेगांना ते गेली कित्येक वर्षं गावाहून पिशवीत बांधून येतंय. त्याचे पैसे आपण कधी दिले होते का?

वहिनी हे पंचवीस वर्षं करतेय. मध्यंतरी तिचा बचत गट वांद्र्याला सरसच्या प्रदर्शनात आला होता. मी रोज संध्याकाळी जाऊन गल्ल्यावर बसायचो, कारण तिला यूपीआयचा आवाज ऐकू यायचा नाही. (मलाही यायचा नाही, ते सोडा.) तिसऱ्या दिवशी आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, संपलं, चौथ्या दिवशी सोलं. पार्ल्याच्या, ठाण्याच्या बायका फोन नंबर लिहून घेत होत्या, पुढच्या महिन्यात पाठवाल का म्हणून. परत जाताना ती गाडीत एवढंच म्हणाली, ऊन आपल्या हातात नाही, ड्रायर आपल्या हातात येईल.

मग तिनं काय केलं ते ऐका, कारण लेखात याला काय म्हणतात ते मला बघायचंय. अन्न सुरक्षेची नोंदणी केली. वर्षाला १०० रुपये फी, १४ आकडी नंबर आला, तो तिला पाठ आहे. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी केली. ती फुकट असते, पण तालुक्याच्या सायबरवाल्यानं ५०० घेतले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन चार प्रश्न विचारून आली. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची २०२० साली आलेली केंद्राची योजना आहे, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. त्यात सहा लाखांचा प्रस्ताव केला: ड्रायर, गर काढायचं यंत्र, स्टीलच्या टाक्या आणि एक शेड. स्वतःचे दहा टक्के, म्हणजे ६० हजार, गटातल्या बायकांनी जमवून ठेवले. बाई सातवी शिकलेली आहे.

पण अनुदान कर्जाला चिकटून येतं. आधी बँक, मग सरकार. बँकेचं नाव लिहीत नाही, वहिनीला अजून तिथेच जायचंय. तारण नको, साहेब म्हणाले, सरकारी हमी असते. फक्त शेड जिथे उभी राहणार त्या जागेचा कागद आणि सहहिस्सेदारांची संमती आणा.

फक्त!

डिजिटल सहीचा सातबारा हल्ली १५ रुपयांत मोबाइलवर येतो. ही प्रगती मी मान्य करतो. त्यावर नावं मात्र २३. तीन माणसं गावात. सहा मयत. उरलेली चौदा भांडुप, विरार, डोंबिवली, बडोदा अशी पांगलेली, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी १९९६ पासून बोलणं नाही. कोकणातल्या कुठल्याही सामायिक जमिनीची हीच गत आहे, हे लेखकांना माहीत नसेल असं नाही. पण सातबाऱ्यावर लिहिलं की पुरवणी रंगीत होत नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा मला वाटलं पैशांसाठी असेल. मी मनातल्या मनात एक आकडाही ठरवून टाकला होता. ती म्हणाली, "भावजी, पैशे नको माका. तुमची सही होयी."

एवढंच ना, म्हटलं. त्याच दिवशी स्टँपपेपर आणला, सही केली, नोटरी केली, कुरियर केलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं की आपण एका उद्योगाला हातभार लावलाय. आठ दिवसांत कागद परत. या नावाचा खातेदार नाही.

बरोबर होतं त्यांचं. त्या सहा मयतांतले एक माझे वडील. ते २००९ साली गेले. तेव्हा इथल्या चाळीतल्या खोलीची भाडेपावती माझ्या नावावर करून घ्यायला मी सहा महिने खेटे घातले होते आणि ती करून घेऊनच थांबलो. गावच्या सातबाऱ्यावर मात्र ते तोवर हयातच होते, आणि मी कोणीच नव्हतो.

याचं मला जास्त का लागलं, तेही लिहितो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. तीन-चार महिने उधारीवर निघाले, मग वाणी दुकानात आमच्याकडे बघेनासा झाला. वडिलांनी आईला आणि आम्हा भावंडांना गावी धाडलं. दोन पावसाळे आम्ही काकांच्या, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांच्या, ताटात जेवलो. माझी अकरावी कुडाळात झाली. त्याच सामायिक जमिनीतला भात, तीच सोलकढी. तेव्हा काकांनी आमच्याकडे हिश्श्याचा कागद मागितला नव्हता.

तर वारस नोंद करायला घेतली. महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो म्हणतात, आणि होतो, खोटं कशाला बोलू. मुलीनं करून दिला. पुढे पंधरा दिवसांची नोटीस, मग फेरफार, मग त्रुटी: मृत्यूच्या दाखल्यात आजोबांचं नाव वेगळं लागलेलं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. पद बदललं, कपाट तेच आहे. शिवाय महसूल खात्यानं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयतांची नावं काढून वारसांची लावायची. हेतू उत्तम, मी टाळ्या वाजवल्या. आमच्या सहा मयतांची नावं गेली आणि त्यांच्या जागी चोवीस वारस आले. पूर्वी वहिनीला जिवंत अशा सतरा सह्या हव्या होत्या, आता ४१ लागतात. सातबारा जिवंत झालाय हे खरं आहे.

माझ्या दोन्ही आत्यांच्या मुलींनी मात्र पहिल्याच दिवशी सह्या केल्या, त्यातली एक तर डायलिसिसवरून उठून. ज्यांना त्या जमिनीतला काजूचा दाणा कधी मिळाला नाही, त्यांनी. अडून बसलाय तो विरारचा चुलतभाऊ. माणूस वाईट नाही, भजनाला पेटी वाजवतो. त्याचं म्हणणं, आज शेड, उद्या जमीन. आणि मुंबई-गोवा हायवे पुरा झाला की गुंठ्याला भाव येईल, तेव्हा बघू. तो हायवे! चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हा माझे केस काळे होते. दर गणपतीला मंत्री खड्ड्यांची पाहणी करतात आणि तुम्ही दर गणपतीला त्यांचा तोच फोटो छापता. आमच्या भावानं कोकमाचा ड्रायर त्या हायवेला बांधून ठेवलाय म्हटल्यावर वहिनीनं काय समजायचं?

कोणी म्हणेल, मग कुडाळच्या एमआयडीसीत गाळा घ्यावा. बँकेतल्या साहेबांनीही हेच सुचवलं. झाडं गावात, बायका गावात, फोडलेला रातांबा दुपारपर्यंत थांबत नाही, आणि दुपारी एसटी नाही. साहेबांचा दोष नाही, ते नुकतेच बदलून आले होते आणि रातांबा त्यांनी पाहिलेला नव्हता.

लेखाच्या शेवटी अपेक्षेप्रमाणे लिज्जत पापड आलाच. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. मुंबईकर म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्या सातजणींनी ज्या गच्चीवर पापड लाटले, त्या गच्चीचा सातबारा त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता. ज्यांनी ८० रुपये दिले त्यांनी माणसं बघून दिले. आणि खेड्यातलंच उदाहरण हवं होतं तर म्हसवडची माणदेशी बँक होती, बायकांची बँक. तिथल्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, तर त्या परत आल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी घाला, आम्ही करून दाखवतो. १९९७ पासून बँक चालू आहे. याला मानसिकता नाही म्हणायचं का? नऊ वेळा?

आणखी एक. 'शहरातले उच्चशिक्षित गावाकडे परतले तर चित्र बदलेल' असंही त्यात वाक्य आहे. आम्ही परतायला नको आहोत, साहेब. आम्ही कागदावरून हललो तरी पुष्कळ आहे. माझ्या इमारतीत नऊ बिऱ्हाडं कोकणातली. काल संध्याकाळी विचारलं, वडिलांच्या नंतर गावच्या जमिनीवर वारस नोंद कोणी केलीय? दोघांनी. बाकीचे म्हणाले, बघायला हवं.

येत्या रविवारी मी विरारला चाललोय, कागद घेऊन. सोबत वहिनीनं पाठवलेल्या आगळाची बाटली आहे, भावाला पित्तावर लागतं. लेखकमहाशयांना मानसिकतेचा प्रत्यक्ष अभ्यास करायचा असेल तर त्यांनी सकाळी दादरला यावं, तिकीट मी काढीन. रातांबे एप्रिलअखेर लागतात.

आपला,
एक जुना वाचक,
लालबाग, मुंबई

ता.क.: लेखासोबत 'कोकणचे कोकम' म्हणून जो मोठा फोटो छापलाय, तो मँगोस्टीनचा आहे. नातं जवळचं आहे, दोघं चुलतभाऊ म्हणता येतील. पण सहीला चुलतभाऊ चालत नाही, हे बँकेनं मला शिकवलंय, तुम्हीही दुरुस्ती छापावी.