चौकटीत न आलेले लक्षण

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील गांजाविषयीचा लेख आणि त्यासोबतची ‘पालकांनो, ही लक्षणे ओळखा’ ही चौकट वाचली. विषय हाती घेतल्याबद्दल आभार मानणे माझे कर्तव्य आहे आणि ते मी मानतो. मात्र लाल डोळे, वाढलेली भूक आणि खोलीतला उग्र वास एवढ्यावर आपण पालकांची बोळवण केली आहे. अशाच ठोकताळ्यांवर विसंबून आमच्या घराने आठ महिने घालवले, म्हणून हे पत्र.

माझा भाचा शिक्षणासाठी पुण्यात माझ्याकडे राहत होता. त्याचे डोळे कधी लाल दिसले नाहीत, कारण डोळ्यांत घालायचे थेंब औषधांच्या दुकानात कोणालाही मिळतात. खोलीला वास येई तो उदबत्तीचा, आणि नातू देवाधर्माला लागला म्हणून माझ्या आईने चार शेजारणींना कौतुकाने सांगितलेही होते. भुकेचे म्हणाल, तर त्याचे वजन ११ किलोंनी उतरले. दर तीन-चार आठवड्यांनी पहाटेपासून त्याला उलट्या सुरू होत, आणि मग दिवसातून पाच-सहा वेळा तो कढत पाण्याखाली तासतासभर उभा राहत असे. त्याशिवाय त्याला चैनच पडत नसे. गिझरपायी गॅसची टाकी पंधरा दिवसांत संपू लागली, तेव्हा मी त्याला टाकीवरून बोललो. त्याच्या अवस्थेवरून नव्हे, टाकीवरून. पित्त, कावीळ, परीक्षेचे दडपण असे म्हणत दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली. ‘काही ओढतोस का?’ हे मात्र तिसऱ्या डॉक्टरांनी, तेही आम्हाला बाहेर बसवून, विचारले.

वर्षानुवर्षे नियमित गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना उलट्यांचा हा विकार जडतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ मध्ये त्याची नोंद केली, आणि कढत पाण्याने तात्पुरता उतार पडणे हीच त्याची ठळक खूण आहे. उलटीवरच्या नेहमीच्या औषधांना तो फारसा दाद देत नाही. गांजा सुटला तरच तो थांबतो. विपरीत असे की, थोड्या प्रमाणात गांजाने मळमळ कमी होते, त्यामुळे रुग्ण औषध म्हणून आणखी ओढतो. भाचा नेमके तेच करत होता.

लेखातील ‘गांजाची खरी सवय लागत नाही’ हे विधान तर लेखकाने आमच्या घरी त्या पहिल्या आठवड्यात येऊन करायला हवे होते. गांजा सोडल्यावर मुलाला झोप नव्हती, अन्न जात नव्हते, घामाने अंथरूण भिजत होते आणि साध्या शब्दावर तो अंगावर येत होता. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भांग, गांजा व चरस यांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांचा अंदाज सुमारे ७२ लाख आहे. त्यांना सवय नाही तर काय छंद आहे? विनाकारण संशय घेणे, कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, ही तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याची लक्षणे; तीही चौकटीत नाहीत.

शिक्षेचा परिच्छेद मात्र आपण ठळक टाइपात छापलात. पोलिसांच्या याच भीतीने माझ्या बहिणीने डॉक्टरांपासूनही गोष्ट लपवली होती. अल्प प्रमाणातील पदार्थाच्या प्रकरणात जो व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करतो, त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ‘६४ अ’ त्याच १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात आहे. त्यासाठी किंवा १४४४६ या मोफत मदतक्रमांकासाठी आपल्याला दोन ओळींची जागा मिळाली नाही. जागा मिळते ती जप्त केलेल्या गांजाच्या ‘बाजारभावा’ला, आणि तोही लासलगावच्या कांद्याइतक्या नेमाने! हा भाव वाचून कोणाला काय बोध व्हावा, अशी आपली अपेक्षा आहे?

जाता जाता, रुंद फूटपाथवरच्या पानटपऱ्यांविषयीचे माझे मागील पत्र आपण निम्मे कापून छापले होते. कॉलेजच्या फाटकासमोर गांजा वळायचे ‘गोगो’ कागद चॉकलेटांशेजारी टांगलेले असतात, हेच त्यातले वाक्य होते आणि तेच गाळले गेले.

नाव व पत्ता सोबत दिला आहे, तो कृपया छापू नये. भाच्याचे कॉलेजचे एक वर्ष अजून बाकी आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे