राणीच्या बागेत बियांची कार्यशाळा हवी, तीही मे-जूनमध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत दरवर्षी हिवाळ्यात महापालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन भरते. त्याला मुंबईकर मोठी गर्दी करतात आणि जोडीला बागकामाची कार्यशाळाही होते. उपक्रम उत्तमच आहे. पण त्या दिवसांत शिकता येते ते हंगामी फुलांचे आणि गच्चीवरच्या भाजीचे. आपल्याकडच्या कितीतरी झाडांच्या बिया पिकतात त्या उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाला, आणि बऱ्याचशा रुजवायच्याही तेव्हाच. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेचे खरे धन म्हणजे तिथली जुनी झाडे. म्हणून हिवाळ्याच्या कार्यक्रमाला मे-जूनमधल्या बियांच्या कार्यशाळेची जोड द्यावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

झाडावरचे काही तोडायची गरज नाही. खाली पडलेल्या शेंगा आणि फळे माळ्यांनी केरात न टाकता झाडाच्या नावानिशी वेगळी ठेवावीत, एवढे पुरे. पुढचे काम शिकवण्याचे आहे, कारण प्रत्येक बीचा स्वभाव निराळा.

बहाव्याची बी कठीण कवचाची असते. तशीच पेरली तर महिनोन्‌महिने मातीत पडून राहते. पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, चार-पाच मिनिटांनी त्यात बिया टाकाव्यात आणि २४ तास तशाच ठेवाव्यात. फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात. न फुगलेल्या पॉलिश पेपरवर घासाव्यात, पण डोळ्याच्या बाजूने नव्हे; अंकुर तिथूनच फुटतो. बिया पाण्यात घालून उकळत ठेवणे ही नेहमीची चूक. त्याने गर्भच मरतो.

गोरखचिंचेलाही हीच रीत चालते. मात्र तिच्या रोपाची पहिली पाने साधी, एकेरी असतात. पंजासारखी पाने नंतर येतात. ‘हे भलतेच काहीतरी उगवले’ म्हणून लोक रोप उपटून टाकतात. पुढे हिवाळ्यात पाने गळली की रोप मेले असे वाटून रोज पाणी घातले जाते आणि मूळ कुजून ते खरोखरच मरते. पाने गळाल्यावर पाणी जवळजवळ बंदच करायला हवे.

कडुनिंब आणि सीता अशोक यांचे अगदी उलटे. त्यांना उकळते पाणीही नको आणि साठवणही नको. पिवळ्या निंबोळीचा गर चोळून धुवावा, बी सावलीत एक-दोन दिवस सुकवावी आणि दोन आठवड्यांच्या आत पेरावी. बंद बरणीत ठेवली तर बुरशी धरते. सीता अशोकाची बी उन्हात वाळवली की संपली. शेंगेतून काढल्याबरोबर रोपाच्या पिशवीत आडवी ठेवून सेंटीमीटरभर मातीने झाकावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. ‘अशोक’ मागितल्यावर सर्रास आसुपालव हातात पडतो. दोन्हींची पाने शेजारी ठेवून दाखवली तर ही फसगत तिथल्या तिथे थांबेल.

उर्वशी या फुलझाडाला बी क्वचितच धरते. तिच्यासाठी पावसाळ्यात गुटी कलमाचे प्रात्यक्षिक ठेवावे: पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, खालचा बुळबुळीत थर खरवडायचा, ओले शेवाळ गुंडाळून प्लास्टिकने दोन्ही टोकांना घट्ट बांधायचे. तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. मूळ झाडाला धक्का लागू नये म्हणून हे काम प्रशिक्षित माळ्यानेच करावे, लोकांनी पाहावे.

पिशवीसाठी दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. खत कच्चे असेल तर कोवळी मुळे जळतात. मुंबईच्या पावसात सर्वांत जास्त रोपे जातात ती साचलेल्या पाण्याने. खोड मातीलगत मऊ पडते आणि रोप आडवे होते. म्हणून पिशवीला तळाशी आणि बाजूंना आठ-दहा भोके हवीत, पिशव्या विटांवर ठेवाव्यात आणि पहिले दोन महिने थेट पावसाची झोड लागू देऊ नये.

बिया वाटून कार्यशाळा संपवू नये. ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी सगळ्यांना आपापली रोपे घेऊन परत बोलवावे. तोवर जोमदार रोपांची मुळे पिशवीच्या तळाशी गोल फिरू लागलेली असतात. ती तशीच जमिनीत गेली तर झाड वाढते, पण पकड धरत नाही आणि पुढे एखाद्या वादळात उन्मळून पडते. तळाचा इंचभर भाग कापून रोप मोठ्या पिशवीत कसे हलवायचे, हे त्या दिवशी हातात रोप घेऊनच दाखवावे. जमिनीत लावायची घाई नको. दोन-तीन फुटांचे झाल्यावर पुढच्या जूनमध्ये लावले, तर पहिल्या उन्हाळ्याआधी त्याला पावसाचे चार महिने मिळतात.

आपला,
एक वृक्षप्रेमी वाचक, मुंबई