आईच्या डोळ्यांसाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

डोळ्यांच्या ओपीडीत तुम्ही रोज कितीतरी म्हाताऱ्या माणसांना तपासता. लालबागच्या आजी तुम्हाला आठवतील की नाही, ठाऊक नाही. आम्ही मात्र तुम्हाला विसरणार नाही.

आई पहिल्यांदा म्हणाली होती, "यंदा कालनिर्णयच्या चौकटी वाकड्या छापल्यात." आम्ही हसण्यावारी नेलं. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलला, "वय झालं की असं व्हायचंच" हे ऐकून घेतलं, आणि त्यात सहा महिने गेले. तोवर उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढून पाझरल्या होत्या. मधल्या भागावर व्रण धरला. मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार; त्यातला हा ओला प्रकार. ती नजर आता परत येणार नाही. डाव्या डोळ्यात कोरडा, वाहिन्या न पाझरणारा प्रकार होता.

त्या दिवशी तुम्ही आईचा हात धरून अगदी सहज विचारलंत, "आजी, नसलेलं काही दिसतं का हो?" आई गप्प झाली. मग रडायलाच लागली. गॅलरीच्या कठड्यावर रेशमी परकर नेसलेल्या लहान मुली बसलेल्या तिला दिसायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. दोन महिने तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला वेड लागलंय असं तिला वाटत होतं. शेजारच्या काकूंना कळलं असतं तर त्यांनी तिला देवऋषाकडेच नेलं असतं.

याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. बोने या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांबद्दल हे 1760 मध्येच लिहून ठेवलं होतं. "मुली दिसल्या की दिवा लावा, नजर डावी-उजवी फिरवा," म्हणालात. त्या रात्री आई कित्येक दिवसांनी शांत झोपली.

आम्स्लरचा तक्ता, म्हणजे मधे ठिपका असलेला चौकटींचा कागद, तुम्हीच दिलात. तो फ्रिजवर चिकटवलाय. आई रोज सकाळी वाचायचा चष्मा लावते, एक डोळा झाकते आणि हातभरापेक्षा कमी अंतरावरून मधल्या ठिपक्याकडे बघते. श्रावणात एका सकाळी डाव्या डोळ्याला रेघा वळल्यासारख्या दिसल्या. या वेळी आम्ही त्याच दिवशी धावत आलो. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, पाणी दिसलं; तिथेही ओला प्रकार सुरू झाला होता. इंजेक्शनं लगेच सुरू झाली. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला होता. आई म्हणाली, थेंब घालून बधिर करतात, नुसता दाब जाणवतो. आज ती त्या डोळ्याने तांदूळ निवडते.

ल्युटिन-झिंकच्या गोळ्या आजार वाढू नये म्हणून असतात, गेलेली दृष्टी आणायला नाहीत, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत.

मंगळवारी पुढच्या इंजेक्शनला येतोय. समोरच्याच्या कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो, हे तुम्ही शिकवलेलं आई घरी माझ्यावर करून बघते. आता तिला तुमचा चेहरा बघायचाय. अजून तिने तो नीट पाहिलेला नाही.

आपला,
लालबागच्या आजींचा मुलगा