इथले पोट्टे शर्टावर लिहितात

लीड्स,
6 जुलै 2025, आषाढी एकादशी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई पुढचं नीट ऐकेल. व्हिडिओ कॉलवर बाबा फोन कानाला लावतात, मला नुसता कान दिसतो, आणि "बरं हाय ना? ठेवू?" एवढ्यात बोलणं आटोपतं. म्हणून पत्र. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचावं, मधेच माझं शुद्धलेखन तपासत बसू नये.

आजचा उपास धरला आहे. साबुदाणा, शेंगदाणे सगळं मिळतं. तब्येत उतरलेली दिसते ती कॅमेऱ्यामुळे. आई म्हणते मी रात्री-बेरात्री घरी येते. अगं, हिवाळ्यात इथे चार वाजताच अंधार पडतो, त्याला रात्र नाही म्हणत. आणि थंडीचं म्हणशील तर आत्ताच ऊन तिशीपार गेलं आणि माणसं हवालदिल झाली. मी शिकवते त्या शाळेत अंगातला कोट काढायलाही पोरांना परवानगी लागते. मी म्हटलं, बाप्पा, एकदा मे महिन्यात पांढरकवड्याच्या बसस्टँडवर उभे राहून पाहा.

बाबा, मागे तुम्ही विचारलं होतं की तिथल्या पोट्ट्यांना मास्तर लक्षात राहतात काय. मी "हो" म्हणून विषय बदलला. आता नीट सांगते, पण त्यासाठी यांचा एक प्रकार समजावून द्यावा लागेल, आणि तो ऐकून आई कपाळाला हात लावणार.

इथलं अकरावं वर्ष म्हणजे आपली दहावी. मे-जूनमध्ये पेपर, यंदा 21 ऑगस्टला निकाल. टक्के नसतात, 9 ते 1 असे आकडे असतात. 9 सगळ्यात वरचा, 4 मिळाले की पास समजतात. तर शाळा सोडायच्या शेवटच्या दिवशी ही मुलं जाड शाईचे पेन घेऊन येतात आणि एकमेकांच्या शर्टावर लिहितात. वहीत नाही, कागदावर नाही, अंगात घातलेल्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर. बाहीवर, कॉलरवर, पाठीवर. नावं, शुभेच्छा, चित्रं, काही वात्रट मजकूर. एक लिहितो तोवर दुसऱ्याने हलायचं नाही. पाठीवर कोणी काय लिहिलं ते घरी जाऊन शर्ट काढल्याशिवाय कळत नाही, गंमत म्हणे त्यातच. शाई न जाणारी. नाही आई, धुवायचाच नसतो. नाही, धाकट्या भावालाही देत नाहीत. घडी करून कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं. माझ्यासोबत शिकवणारी एक बाई पन्नाशीला आली, तिचा अजून आहे. मला मुद्दाम आणून दाखवला. आणि मास्तर हे सगळं बघत उभे राहतात, कोणी कोणाच्या कानाखाली ओढत नाही.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त शर्टाची किंमत दिसली. आपल्याकडे शर्ट मोठ्याचा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला, आणि शेवटी सायकल पुसायला. पोडावरच्या, कोलामांच्या वस्तीतल्या पोरांना तुम्ही पगारातून शर्ट शिवून दिले होते त्या वर्षी आई किती बोलली होती तुम्हाला! ती पोरं ही शाई बघतील तर काय म्हणतील, हेच मनात आलं.

तर यंदा मे महिन्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन वर्षं हा वर्गात बोलला ते नावापुरतं. गणित बरोबर करायचा, पण एकक कधी लिहायचा नाही. उत्तर काय, तर बारा. बारा न्यूटन की बारा मीटर, पत्ता नाही. तेव्हा एकदा माझ्या तोंडून तुमचं वाक्य इंग्रजीत निघून गेलं होतं, "बारा काय? बारा म्हशी?" वर्गाने ते उचललं. त्यानंतर कोणी एकक विसरला की सगळे एका सुरात म्हशी हाकायला लागायचे. त्या मुलाने पाठ फिरवली आणि म्हणाला, "मिस, म्हशी लिहा." (इथे सगळ्या मास्तरणी मिसच, आई. लग्न झालेल्यासुद्धा. तू लगेच काही अर्थ काढू नकोस.)

मी "12 म्हशी" लिहिलं, मराठीत. चित्रही काढ म्हणाला. मला म्हैस काढता येत नाही, ते गाढव झालं. पण बाबा, यवतमाळ जिल्ह्यातल्या चार वर्ग एका खोलीत भरणाऱ्या शाळेतलं तुमचं वाक्य आता यॉर्कशायरच्या एका कपाटात घडी होऊन पडलं आहे. मास्तर लक्षात राहतात काय ते तुम्हीच ठरवा.

उलटं लक्षात ठेवायचं म्हणाल, तर ते तुमच्यासारखं मला जमत नाही. बाजारात पिकल्या केसांचा माणूस समोर आला तरी त्याचं नाव, बापाचं नाव आणि तो हातच्याच्या वजाबाकीत कुठे अडायचा, हे तुम्ही उभ्या उभ्या सांगता, आणि आई पिशव्या धरून ताटकळते. माझ्याकडे दीडशेच्या वर मुलं, आठवड्याला दोन-तीन तास. संगणकात प्रत्येकाचा फोटो आहे, तरी मी रात्री हजेरी मोठ्याने म्हणते, तुमचीच सवय. शेजारच्या खोलीतल्या केरळच्या नर्सला वाटतं मी स्तोत्र म्हणते. एखादं नाव हजेरीत दिसलं की लगेच चेहरा आला, तर त्या दिवशी मला झोप चांगली लागते.

तिकडचीही आठवतात. आधीच्या शाळेतला एक मुलगा आयटीआय करून महावितरणमध्ये लागला. त्याचा मेसेज आला, "मॅडम, डीपीवर चढलो का तुमचा ओहमचा नियम आठवते." मी लिहिलं, नियम नंतर आठव, आधी लाइन बंद आहे का बघ. आणि पोडावरून पायी येणारी ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. प्रिझमचा रंग हातावर पडला तर तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "गेला, मॅडम." तिला नर्सिंगला जायचं होतं. यंदा ती बारावीला असणार. निकाल मे महिन्यातच लागला. त्या बाजूला गेलात तर चौकशी करा. लग्न लावून दिलं असेल तर तेही कळवा. इथून मी काही करू शकते असं नाही, पण कळवा.

"इथल्या लेकरांना सोडून गोऱ्यांच्या लेकरांना शिकवाले गेली" असं काका म्हणाले, ते दादाने मला सांगितलं. काकांना सांगा, शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी 2017 ला झाली ती पुढची थेट 2023 ला. मधली वर्षं मी विनाअनुदानित शाळेत काढली, तिथला पगार कधी यायचा ते काकांना ठाऊक आहे. इकडे भौतिकशास्त्राला माणूस मिळेना म्हणून 2023 मध्ये इथल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या शिक्षकांना 10,000 पौंड दिले. त्यातूनच माझ्या बी.एड.चं कर्ज फिटलं. लेकरं कुठलीही लेकरंच असतात, असं बाबाच म्हणायचे. आता ते काकांसमोर म्हणतात की नाही, माहीत नाही.

आता कामाचं. दादाच्या खात्यात पैसे टाकले आहेत. आधी बियाणं-खताची उधारी द्या, उरलेले सोसायटीत भरा. पाऊस ओढ देतो आहे असं ऐकलं. दुबार पेरणी आली तर लपवू नका. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला आहे. कापूस वाळवून न्या, ओल 12 टक्क्यांच्या वर गेली की सरकारची कापूस खरेदी करणारी सीसीआय घेत नाही, आणि मग खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याची चंगळ होते. बाबांनी रात्री जागलीला जायचं नाही. टिपेश्वर अभयारण्याचा वाघ मास्तर ओळखत नाही.

ऑगस्टमध्ये सुट्टी आहे, पण येत नाही. तिकिटाचे पैसे दादाच्या लग्नासाठी राखले आहेत. आणि 21 तारखेला निकाल आहे, तेव्हा शाळेत असावं असं वाटतं. राग मानू नका.

लग्नाच्या तारखेचा मात्र घोळ आहे. इथली आठवडाभराची सुट्टी 31 ऑक्टोबरला संपते आणि तुळशीचं लग्न त्यानंतर. डिसेंबरची सुट्टी 19 तारखेला लागते आणि लगोलग पौष. मधे रजा मिळत नाही, विचारून पाहिलं. मुलीकडच्यांना मार्गशीर्षच हवा असेल तर माझ्यासाठी अडवू नका. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख निघाली तर मी हळदीपासून हजर. दोघांत मुलीच्या घरचं मन आधी बघा. आंदणाच्या भांड्यांचे पैसे तारीख कुठलीही निघाली तरी माझे.

आत्याने पाठवलेला नागपूरच्या मुलाचा फोटो पाहिला. माणूस बरा वाटतो. त्याला बायको परत यायला हवी आहे की त्याला इकडे यायचं आहे, एवढं आत्याने आधी सरळ विचारून घ्यावं. पत्रिका नंतर.

आजीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं औषध संपलं असेल, दादाला यवतमाळहून आणायला लावा.

तुमची,
वंदू

ता. क. बाबांच्या बँक खात्याची केवायसी राहिली आहे. या आठवड्यात जाऊन या, नाहीतर खातं अडकेल आणि सगळे मला फोन करतील.