टोकाचा गडी

प्रिय भावा,

परवा तुझ्या शेडमध्ये पॉवर प्रेसची हात वाचवणारी जाळी काढून भिंतीला टेकवलेली पाहिली आणि घरी आल्यावर झोप लागली नाही. पोरांसमोर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहितोय.

शाहू स्टेडियमवर तू लेफ्ट बॅक असायचास. तुझ्या बाजूनं कुणी निसटलं तर त्या रात्री तू जेवायचा नाहीस. लू पामर असाच गडी. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा, १८९८ च्या संघातला. त्यांचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन अंगावर धावून जायचा. त्या मोसमात प्रिन्स्टननं १२ पैकी ११ सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला; सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना मिळून गुण मिळाले फक्त ५. पामर ‘एंड’ खेळायचा, रांगेच्या अगदी टोकाला. वळसा घालून पळणाऱ्याला तिथंच आडवायचं. तिकडच्या फुटबॉलचा जनक मानला जाणाऱ्या वॉल्टर कँपनं त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम ११ जणांत त्याला निवडलं.

पुढे तो इंजिनियर झाला आणि पिट्सबर्गला जोन्स अँड लॉफलिनच्या पोलाद कारखान्यात सुरक्षेचं काम बघू लागला. त्या एका जिल्ह्यात जुलै १९०६ ते जून १९०७ या वर्षभरात ५२६ माणसं कामावर मेली होती. गडी निष्काळजी होता, एवढं म्हटलं की विषय मिटायचा. पामरच्या पिढीतल्या इंजिनियरांनी मशीनकडे बघायला सुरुवात केली: गिअरवर झाकण, पट्ट्याभोवती कठडा. १९१२ साली पोलाद उद्योगातल्या विद्युत अभियंत्यांनी मिलवॉकीला सुरक्षेची परिषद भरवली, त्यात तो होता. पुढच्याच वर्षी त्यांची राष्ट्रीय सुरक्षा परिषद ही संस्था उभी राहिली. आपल्याकडची १९६६ ची, ४ मार्चची. त्या दिवशी आपण बिल्ला लावून शपथ घेतो, तीच.

तुला कधी सांगितलं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका ऑपरेटरची दोन बोटं प्रेसच्या साच्याखाली, डायखाली गेली. जाळी आठवड्यापासून काढलेली होती, सगळ्यांना दिसत होती. चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं आणि खाली सही केली मी. पामरबद्दल वाचताना तो कागद डोळ्यांपुढून हलेना.

जाळी लावली की तासाला नग कमी पडतात, हे तुझं खरं आहे. मग डायला नग सरकवायला उतरती घसरपट्टी करू, म्हणजे हात आत घालावाच लागणार नाही. दोन हातांची बटणंही बसवू. पण पोरं एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवतात, म्हणून दोन्ही एकदम दाबली तरच प्रेसचा स्ट्रोक (दाब) पडेल आणि दर वेळी दोन्ही सोडावी लागतील, अशी वायरिंग हवी. ती मी स्वतः करतो.

रविवारी सकाळी येतो. तोपर्यंत तो प्रेस बंद ठेव, एवढं माझं ऐक.

तुझाच,
राइट बॅक