सूचना : ग्रॅच्युइटीच्या हक्काबाबत सभासदांची बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता रत्नागिरीत मिरकरवाडा येथील संघटनेच्या कार्यालयात ग्रॅच्युइटीविषयी बैठक होईल. यंदा निवृत्त होणाऱ्यांनी अवश्य यावे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, ही त्याची मेहेरबानी नसून १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला हक्क आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे सेवा झाल्यास प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळते. त्यासाठी शेवटचे मासिक वेतन २६ ने भागतात आणि सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे हिशेबात धरायचे वेतन १३,००० रुपये व सेवा १२ वर्षे ८ महिने असल्यास ९७,५०० रुपये होतात. सेवेत असताना मृत्यू आल्यास पाच वर्षांची अट नाही.

काजू, आंबा व मासळी प्रक्रियेच्या हंगामी कारखान्यांत केवळ हंगामापुरते काम करणाऱ्यांना प्रत्येक हंगामामागे ७ दिवसांचे वेतन मिळते. मात्र वर्षभर राबणाऱ्याला कागदावर ‘हंगामी’ दाखविल्यास ते मुळीच मान्य करू नये. असे प्रकार आढळल्यास बैठकीत सांगावे.

येताना :
– नेमणूकपत्र व वेतनचिठ्ठ्या
– भविष्य निर्वाह निधीचा उतारा
– वारसनोंदीची प्रत

मालकाकडे अर्ज देताना पोच घ्यावी. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळाली पाहिजे. उशीर झाल्यास व्याज मागता येते. कोऱ्या पावतीवर कोणीही सही करू नये.

– सचिव